अस्वलाने हरणांसाठी पेरलेलं वावर

बसा मुलांनो. चुळबुळ नको, आणि मध्येच "मग काय झालं?" असं विचारायचं नाही. मी सांगतोच आहे. मी रागीट आहे हे या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. जिन्यात चेंडूचा एक टप्पा पडला तरी मी दार उघडून काय काय बोलतो, ते तुम्ही ऐकलेलं आहे. म्हणूनच आज एका रागीट अस्वलाची गोष्ट सांगतो. त्याचा स्वभाव मला चांगला कळतो. हसू नका.

उत्तरेकडे, जिथे वर्षातले चार महिने बर्फ जागचा हलत नाही, तिथल्या देवदारांच्या रानात हे अस्वल राहायचं. त्याची गुहा डोंगराच्या कुशीत होती. गुहेवर एक लांबरुंद कातळ होता आणि गुहेसमोर छानशी सपाट जागा होती. त्या सपाटीवर दिवसभर ऊन असायचं आणि बोचरा वारा तिथे पोचायचा नाही. त्यामुळे थंडी सुरू झाली की हरणांचा एक कळप तिथे मुक्कामाला यायचा. येताना तो कातळावरून यायचा. टक टक, टक टक असे खूर वाजायचे.

आता अस्वलांचं एक आहे. कार्तिक सरला की त्यांचे डोळे मिटायला लागतात, आणि एकदा मिटले की थेट फाल्गुनात उघडतात. आमचं अस्वलही तसंच. त्याच्या लेखी हिवाळा म्हणजे एक लांबलचक डुलकी. पानं गळायला लागली की आत जायचं, पालवी फुटली की बाहेर यायचं. मधल्या दिवसांत काही घडत असेल, अशी शंकाही त्या बाबाला कधी आली नाही.

एका वर्षी त्याचा नुकता कुठे डोळा लागला होता, आणि वरून टक टक, टक टक सुरू झालं. कळपात तुटक्या शिंगाचा एक म्हातारा नर होता. त्याला कातळावर खूर आपटायची भारी हौस. तो मुद्दाम नाचल्यासारखा चालायचा. अस्वलाचं डोकं फिरलं. तसंच धडपडत ते बाहेर आलं आणि गरजलं, "झोपू द्याल की नाही एखाद्याला? काय मांडलंय हे? चालते व्हा सगळे! आणि पुन्हा या कातळावर एकाचाही खूर वाजला, तर माझ्याशी गाठ आहे!"

हरणं दचकली. कळपाची पुढारी एक हरिणी होती, शांत आणि समजूतदार. ती म्हणाली, "चुकलं आमचं, अस्वलदादा. पुन्हा नाही त्रास देणार." आणि कळप गुपचूप ओढ्यापलीकडच्या डोंगरावर निघून गेला. त्या डोंगरावर ना ऊन, ना आडोसा. पण रागाच्या भरात हे बघतो कोण? अस्वल आत गेलं, कूस बदलली आणि घोरायला लागलं.

फाल्गुनात ते उठलं. बाहेर आलं तर सपाटीवर कुणी नाही. पूर्वी ते उठायचं तेव्हा निदान दोनचार हरणं तरी शेवटचं गवत खात रेंगाळलेली असायची. त्यांच्यावर डाफरलं की अस्वलाचा दिवस सुरू व्हायचा. हरणं कान ताठ करून ऐकून घ्यायची आणि पुन्हा चरायला लागायची. आता डाफरायचं कुणावर? एक कावळा होता समोरच्या देवदारावर, पण तो उलट बोलायचा.

चैत्र गेला, वैशाख गेला. शांतता हवी होती ना, ती एवढी मिळाली की अस्वलाला गुहेत बसवेना. एकदा ते ओढ्यापर्यंत गेलंसुद्धा. पलीकडे कळप चरत होता. अस्वल दिसताच हरणांनी शेपट्या उचलल्या आणि ती झाडीत पसार झाली. अस्वलाला म्हणायचं होतं, "चुकलं माझं, परत या." पण हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघालेच नव्हते, तर त्या दिवशी कुठून निघणार? ओढ्यातल्या एका दगडाला लाथ मारून ते परत आलं. दगड हलला नाही आणि नख मात्र दुखावलं.

"जाऊन बोला ना सरळ," कावळा वरून म्हणाला.

"तू गप्प बस!" अस्वल म्हणालं.

मग त्याला एक युक्ती सुचली. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथल्या शेतांत सलगम लावायचे. सलगम म्हणजे मुळ्याचाच गोल, जाडजूड भाऊ. त्यावर हरणं तुटून पडतात आणि गावातली माणसं ओरडत त्यांच्यामागे धावतात, हे अस्वलाने वरून कितीदा पाहिलं होतं. त्याने ठरवलं, आपण इथेच सलगम पेरायचे. बोलायला नको, माफी मागायला नको. वावर फुललं की हरणं आपणहून येतील.

गावातल्या एका छपरावर बियांच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. त्यांतली एक मोळी अस्वलाने पळवली. हे चूक होतं, पण ती दुसरी गोष्ट झाली. मग ते कामाला लागलं. सपाटीवरचे दगड उचलून कडेला रचले. नखांनी जमीन उकरली, ढेकळं फोडली. श्रावणात बी पेरलं. चार दिवसांत हिरवे कोंब वर आले तेव्हा अस्वल त्यांच्यापुढे पोटावर पालथं पडून तासभर बघत राहिलं. पुढे तण उपटायला बसलं तर पहिल्या दिवशी तणाबरोबर अर्धी रोपंही उपटली गेली. केवढे ते पंजे! त्याने स्वतःलाच चार शिव्या दिल्या, पुन्हा पेरलं, आणि मग दोनच नखांनी, जपून, एकेक काडी काढत राहिलं. ज्याला मध खाताना पोळ्यावरचं मेण सोडवायचा धीर नसतो, त्याने हे केलं. कुणासाठी? विचारलं असतं तर म्हणालं असतं, "वेळ जात नव्हता म्हणून."

आश्विनात सपाटी हिरवीगार झाली. गुडघाभर पाला आणि मातीखाली मुठीएवढे गड्डे. अस्वल रोज ओढ्यावर जाऊन तोंड धुवायचं आणि वावराच्या कडेला वाट बघत बसायचं.

हरणं येईनात.

येणार कशी? त्या दिवसांत सगळ्या रानात झाडांखाली फळांचा सडा पडलेला असतो. तो सोडून कोण येईल? शिवाय सलगमाचा पाला तेव्हा कडू असतो. कडक थंडीने एकदा तो कडकडून गोठला की त्यात गोडी उतरते. पायथ्याच्या गावातल्या लहान पोरांनाही हे माहीत होतं. अस्वलाला कसं माहीत असणार? थंडीत ते जागं होतं कधी?

एक दिवस एक तरुण हरीण चुकून ओढा ओलांडून आलं. अस्वल श्वास रोखून झुडपामागे बसलं. हरणाने एक पान तोंडात घेतलं, दोनदा चावलं, थू करून टाकलं आणि निघून गेलं.

"थुंकला!" अस्वल झुडपातून उठून ओरडलं. "माझ्या पाल्यावर थुंकला! चार महिने कंबर मोडली माझी, आणि हा थुंकून गेला!"

"अहो, ऐका जरा," कावळा म्हणाला. "आत्ता तो कडूच असतो. जरा थंडी पडू दे, मग—"

"थंडी पडली की मी झोपतो. मला शिकवू नकोस."

"तेच तर सांगतोय की तुम्ही झोपलात तरी—"

"गप्प बस म्हटलं ना!"

कावळ्याने मान फिरवली. अस्वल आणखी आठ दिवस कसंबसं बसलं. डोळे मिटायला लागले. बसल्या बसल्या ते दोनदा कलंडलं. शेवटी "कृतघ्न मेले!" असं म्हणत ते गुहेत शिरलं आणि झोपलं.

आणि मग बर्फ पडला.

ओढ्यापलीकडच्या डोंगरावर बर्फ हरणांच्या छातीपर्यंत साचला. खायला झाडांच्या साली उरल्या, त्याही उंचावरच्या. तेव्हा वाऱ्यावर एक वास आला, गोडसर आणि हिरवा. हरिणी कळप घेऊन त्या वासाच्या मागे निघाली आणि ओढा ओलांडून सपाटीवर आली. बर्फाच्या पातळ थराखाली पालाच पाला होता. पाल्याखाली साखरेसारखे गड्डे होते. हरिणी बघतच राहिली. दगड बाजूला नीट रचलेले होते, रोपं ओळीत होती आणि ढेकळांवर नखांचे ओरखडे होते.

"त्यानेच पेरलंय," ती म्हणाली. "आपल्यासाठी."

"मग उठवून सांगूया ना त्याला!" एक पाडस म्हणालं.

"नाही रे बाळा. त्याची झोपमोड झालेली त्याला चालत नाही. खायचं, पण आवाज करायचा नाही. आणि कातळावरून तर मुळीच जायचं नाही."

त्या हिवाळ्यात कळप रोज आला. खूर दाबून, एकामागे एक, श्वाससुद्धा हळू सोडत. तुटक्या शिंगाच्या म्हाताऱ्यालाही हरिणीने कातळापासून लांब ठेवलं. परतताना ती गुहेच्या तोंडाशी क्षणभर थांबायची, मान खाली घालायची आणि निघायची. बर्फ वितळायला लागला तशी ती म्हणाली, "चला आता. तो उठायच्या आत गेलेलं बरं. आपली कटकट नको त्याला." वितळत्या पाण्याबरोबर खुरांचे ठसेही वाहून गेले.

फाल्गुनात अस्वल उठलं. बाहेर येऊन बघतं तर काय! पाला नाही, गड्डे नाहीत, नुसते खड्डे!

"चोर!" अशी किंकाळी फोडली त्याने की समोरच्या डोंगरावरून उत्तर आलं. आधी ते साळिंदराच्या बिळावर गेलं. "बाहेर ये! तू खाल्लंस माझं वावर!"

साळिंदर अर्धवट झोपेत म्हणालं, "अहो दादा, एवढं सगळं मी एकट्याने? माझं पोट बघा, तुमचं वावर बघा, आणि मग बोला."

अस्वलाने सशाला झापलं, डुकरांना झापलं, जो समोर येईल त्याला झापलं. मग कावळा खाली आला. "अस्वलदादा, मी बघितलंय कोणी खाल्लं ते. हरणं—"

"नाव काढू नकोस त्यांचं माझ्यासमोर!" अस्वलाने एक दगडच भिरकावला. "सगळा आश्विन, सगळा कार्तिक डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. आली का? एक आलं, ते थुंकून गेलं! पुन्हा हरणांचं नाव घेतलंस तर बघ!"

आता कावळ्याचंही ऐका. दगड लागला नव्हता, पण राग आला. "मला काय पडलंय," म्हणाला आणि जाऊन बसला फांदीवर. अरे, पण एकदा गप्प केलं म्हणून कायमचं गप्प बसायचं असतं का? त्याला सगळं ठाऊक होतं, आणि तो चोच मिटून बसला. या गोष्टीत मला अस्वलाचा जेवढा राग येतो, तेवढाच कावळ्याचाही येतो. असो.

दुसऱ्या वर्षीही हेच झालं. तीच पेरणी, तीच वाट बघणं, तीच चिडचिड. अस्वल झोपलं, हरणं आली, खाऊन जगली, पावलं न वाजवता गेली. अस्वल उठलं आणि पुन्हा "चोर! चोर!" मी ते सगळं पुन्हा सांगणार नाही. सांगताना मलाच वैताग येतो.

तिसऱ्या वर्षी अस्वल म्हणालं, "हे शेवटचं. आणि या खेपेला चोरांचं काही चालायचं नाही." पेरणी झाल्यावर त्याने वावराभोवती कुंपण घातलं. काटेरी फांद्या ओढून आणल्या, एकीत एक गुंतवल्या, खाली दगड रचले. कुंपण झालं चांगलं अस्वलाच्या डोक्याइतकं उंच. ओढ्याच्या बाजूला मात्र एक वाट मोकळी ठेवली.

"ही कशाला?" कावळ्याने न राहवून विचारलं. दीड वर्षाने त्याने तोंड उघडलं होतं.

"हरणं आलीच तर," अस्वल दुसरीकडे बघत म्हणालं.

ती काही आली नाहीत. कार्तिक संपला. अस्वलाच्या पापण्या जड झाल्या. त्याने वावराकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं. मग एक भलामोठा धोंडा ढकलत आणला आणि त्या मोकळ्या वाटेत घट्ट बसवला. अस्वलाखेरीज कुणालाही तो तसूभरही हलवता आला नसता.

"अहो, काय करताय हे?" कावळा ओरडला.

"मी नसताना दार उघडं कशाला हवं?" अस्वल म्हणालं आणि आत जाऊन झोपलं.

त्या वर्षी बर्फ पडला तो असा की जुन्या झाडांनाही तसा आठवत नसेल. कळप ओढा ओलांडून आला. वावर तिथेच होतं, बर्फाखालून गोड वास येत होता, आणि मध्ये काटे होते. हरणांनी एक फेरी मारली, दुसरी मारली. उडी मारावी तर पायांखालच्या भुसभुशीत बर्फात पाय रोवता येईनात. मोकळ्या वाटेशी आली तर तिथे धोंडा.

"बंद केलंय त्याने," हरिणी म्हणाली. "कंटाळला असेल आपल्याला."

"मग परत जायचं का?" एका पाडसाने विचारलं.

पण परत कुठे जाणार? पलीकडे सालसुद्धा उरली नव्हती. कळप तिथेच उभा राहिला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तुटक्या शिंगाचा म्हातारा धोंड्याला डोकं लावून ढकलत होता. काट्यांत मान घालून बघत होता. त्याच्या नाकातून रक्त आलं तरी त्याने हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या दिवशी तो धोंड्याच्या कडेला बसला. चौथ्या दिवशी उठला नाही. दुपारपर्यंत त्याच्यावर बर्फ साचला.

पाचव्या दिवशी सकाळी एका पाडसाचे पाय दुमडले. हरिणीने त्याला नाकाने ढकलून उभं केलं, ते पुन्हा बसलं. कावळ्याने हे पाहिलं आणि त्याला राहवेना. तो गुहेत शिरला, काळोखात चाचपडत अस्वलाच्या तोंडाशी गेला, आणि त्या ओल्या, मऊ नाकावर त्याने आपली चोच सगळ्या ताकदीने मारली.

"कोण आहे रे तो?" सगळा डोंगर हादरला.

"मी! उठा! दगड मारा, काय वाटेल ते करा, पण आधी बाहेर या!"

"आत्ता? पालवी फुटली?"

"पालवी कसली! बाहेर या म्हणतो ना!"

अस्वल दात विचकत, कावळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बाहेर आलं आणि जागच्या जागी थबकलं. सगळं पांढरं. जमीन पांढरी, झाडं पांढरी, कातळ पांढरा. शिखरांवरचा पांढरा रंग त्याने पाहिला होता, पण तो डोंगराचाच रंग असेल असं त्याला वाटायचं.

"हे... हे कुणी सांडलं?"

"बर्फ आहे हा. दरवर्षी पडतो."

"दरवर्षी? मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कधी कुणाला वाक्य पुरं करू दिलंत?" कावळा म्हणाला. "ते जाऊ दे. तिकडे बघा."

अस्वलाने तिकडे पाहिलं. काट्यांच्या कुंपणापाशी कळप उभा होता. बरगड्या मोजता येत होत्या. कुणाच्याही तोंडून आवाज नव्हता. अस्वलाला बघताच सगळी हरणं एकमेकांना चिकटली. हरिणी दोन पावलं पुढे आली. पावलंसुद्धा तिने हळूच टाकली.

"अस्वलदादा, आमचा आवाज झाला का?" ती म्हणाली. "आम्ही खूर दाबूनच चालत होतो हो. तरी झाला असेल. चुकलं. निघतो आम्ही." आणि ती कळपाला वळवायला लागली.

"थांबा!" अस्वल ओरडलं. घसाच तसा, आवाज गर्जनेसारखाच निघाला. हरणं थरथरली. अस्वलाने स्वतःच्याच तोंडावर पंजा दाबला आणि मग हळू म्हणालं, "थांबा."

ते धावलं. धोंड्याला खांदा लावला आणि तो उलथून ओढ्याकडे ढकलून दिला. तेवढ्याने भागेना. त्याने कुंपणाच्या फांद्या दोन्ही पंजांनी ओढायला सुरुवात केली. काटे तळव्यांत घुसले, बर्फावर लाल ठिपके पडले, पण ते ओढतच राहिलं. एवढ्या मेहनतीने गुंतवलेलं कुंपण त्याने उपटून फेकलं. मग वावरातला बर्फ उकरला, एक गड्डा काढला आणि आधी त्या बसलेल्या पाडसाच्या तोंडाशी नेऊन धरला. पाडसाने एक घास तोडला. मग दुसरा.

सगळा कळप वावरात शिरला. अस्वल मध्येच उभं होतं आणि त्यांच्या खाण्याच्या कुरुमकुरुम आवाजाकडे कान लावून होतं.

"मागची दोन वर्षं," ते हरिणीला म्हणालं, "तुम्हीच खात होता?"

"हो. तुम्ही आमच्यासाठीच पेरलं होतंत ना? की चुकून दुसऱ्या कुणाचं खाल्लं आम्ही?"

"तुमच्यासाठीच. तुमच्यासाठीच गं. मग एकदा तरी सांगायचं ना!"

"तुम्ही झोपलेले असायचात," हरिणी म्हणाली. "आणि तुम्हाला उठवलेलं आवडत नाही."

अस्वल कळपावर नजर फिरवत राहिलं. मग त्याने विचारलं, "तो कुठे आहे? तुटक्या शिंगाचा? सगळ्यांत जास्त धिंगाणा घालायचा, तो?"

हरिणीने धोंड्याच्या जागेकडे पाहिलं. तिथे बर्फाचा एक उंचवटा होता आणि त्यातून एक तुटकं शिंग वर आलेलं होतं.

अस्वल तिथे जाऊन बसलं. पंजाने त्याने शिंगावरचा बर्फ झाडला. आणि तीन वर्षं जे तोंडून निघत नव्हतं ते निघालं. "चुकलं माझं," ते म्हणालं. एकदा त्या शिंगाला म्हणालं, आणि मग उठून कळपासमोर पुन्हा म्हणालं. कावळ्याकडे बघूनही काहीतरी पुटपुटलं. कावळा म्हणाला, "माझंही," आणि पंखात तोंड खुपसून बसला.

दुपार कलली तशी अस्वलाची मान डुलायला लागली. किती केलं तरी अस्वलच ते. दोनदा कलंडलं, दोनदा सावरलं. शेवटी गुहेच्या तोंडाशी जाऊन ते वळलं आणि डोळे वटारून म्हणालं, "हे बघा, आता नीट ऐका. रोज यायचं. आणि येताना कातळावरून यायचं. खूर वाजले पाहिजेत! दाणदाण वाजले पाहिजेत! एक दिवस जरी वाजले नाहीत, तर मी उठून बाहेर येईन, आणि मग बघा!"

हरणं एकमेकांकडे बघत राहिली. कुणाचा धीर होईना. मग ते पाडस, ज्याच्या पायांत आत्ता कुठे जीव आला होता, ते कातळावर चढलं आणि त्याने एक खूर आपटला. टक. आतून काही गर्जना आली नाही. त्याने पुन्हा आपटला. मग हरिणी चढली, मग सगळा कळप. टक टक, टक टक, टक टक. आतून घोरण्याचा आवाज येत होता.

फाल्गुनात अस्वल उठलं तेव्हा वावर साफ झालेलं होतं. फक्त कोपऱ्यात एक गड्डा शिल्लक होता. तो हातात घेऊन अस्वल ओढ्यापर्यंत धावलं आणि पलीकडे ओरडलं, "हा का ठेवलात? का? गोड नव्हता का? नीट खायला काय होतं तुम्हाला?" आणि पलीकडे हरणं कान ताठ करून, जागेवरून न हलता, त्याचं ऐकून घेत होती.

संपली गोष्ट. आता ती का सांगितली, तेही ऐका. काल दुपारी मला झोप लागली नाही म्हणून मी दाराच्या फटीतून बाहेर बघत होतो. तुम्ही सातही जण जिन्यातून खाली चालला होतात. चपला हातांत घेऊन, ओठांवर बोट ठेवून, एकामागे एक. किती दिवस चाललंय हे? सांगू नका. मला कळलं.

तात्पर्य : आपण झोपलो म्हणून जग झोपत नाही, आणि आपल्याला कुणी आलेलं दिसलं नाही म्हणून कुणी आलंच नाही असं होत नाही; तेव्हा दार लावण्याआधी निदान एकाचं तरी बोलणं पुरं ऐकून घ्यावं. आणि हो, उद्यापासून माझ्या दारावरून जाताना चपला पायांत असू द्या, आणि त्या वाजल्या पाहिजेत.